आईच्या डाव्या किडनीला दोन तोंडं

आमच्या घरी फोनवर कुणी जरा गंभीर आवाजात बोललं की पहिला संशय माझ्यावर येतो. आणि तो उगाच येत नाही. एकदा मी गॅस एजन्सीचा मॅनेजर होऊन आईला रिकामा सिलिंडर दारात आणायला लावला होता, मग परत आत न्यायला लावला होता, कारण 'मॅडम, आमचा माणूस मागच्या दारानं येतो.' दुसरी गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. मित्राच्या नंबरवरून मी अप्पांच्या किडनीच्या डॉक्टरांचा आवाज काढला आणि विचारलं, "सार, काल दहीभाताबरोबर मावडू किती खाल्ले?" मावडू म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या बाळकैऱ्या. किडनीच्या माणसाला सक्त मना. अप्पा म्हणाले, एक. मी डॉक्टरांसारखा गप्प राहिलो. अप्पा म्हणाले, दोन. मी आणखी गप्प राहिलो. पाचावर आले तेव्हा मला हसू आवरलं नाही, आणि फोनच्या दोन्ही बाजूंना जे काय व्हायचं ते झालं. त्या दिवशी अप्पांनी ठरवलं, ह्यापुढे ह्या पोराला एकदाही फसायचं नाही.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

अप्पा इथं कुंभकोणमला एका शाळेत भूगोल शिकवायचे. आता रिटायर आहेत. दोन्ही किडन्या हळूहळू बसत गेल्या आणि दीड वर्ष सोमवार-गुरुवार डायलिसिस चाललं होतं. मेलकावेरीत आमच्या घरापासून कावेरी चार पावलांवर, आणि घरात अप्पांना दिवसाला पाणी मोजून. आईनं एक स्टीलचा टंबलर फक्त त्यांच्यासाठी बाजूला काढला होता आणि त्यावर आतून खुणा केल्या होत्या. कॉफीसुद्धा त्या हिशोबातच. कुंभकोणमच्या माणसाला कॉफी मोजून देणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

आई म्हणजे सरळ रेघ. तिच्या दारातल्या कोलमचे, म्हणजे रांगोळीचे, ठिपके पट्टी लावून बघा, हलणार नाहीत. भाजी चिरली तर सगळे तुकडे एका शाळेचा युनिफॉर्म घालून आल्यासारखे. मसाल्याच्या डब्यांवर तमिळमधे चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्याही एका उंचीवर. तिनं किडनी द्यायचं जाहीर केलं तेही असंच. अप्पा डायलिसिसवरून दमून आलेले, आई इडलीचं पीठ वाटत होती, मशीन बंद केली आणि म्हणाली, "माझी घ्या. दोन आहेत." जशी काय घरात छत्री जास्तीची आहे. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही एकेक करून पास झाल्या. आई प्रत्येक रिपोर्ट अप्पांना मार्कशीटसारखा दाखवायची. अप्पा चष्म्यातून बघायचे आणि सही करायची राहिली असल्यासारखे पेन शोधायचे.

शेवटची परीक्षा स्कॅनची होती. किडनीकडे जाणाऱ्या आणि किडनीतून येणाऱ्या रक्तवाहिन्या कशा आहेत, ते बघायचं. अप्पांना त्या दिवशी डायलिसिस, म्हणून मी आणि आई दोघंच पहाटेच्या बसनं तिरुचीला गेलो. आईला मशीनमधे झोपवून हातातून औषध सोडलं. ती बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, पोटात कुणीतरी गरम रसम ओतल्यासारखं वाटलं, फक्त मिरी कमी होती. आम्ही बाहेर मराठीतच बोलतो, जेव्हा लोकांना कळू नये असं काही असतं तेव्हा. तीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक इकडे आले ते परत गेलेच नाहीत, आणि मराठीही तेव्हाचीच राहिली. हे मी तुमच्या मराठीत लिहितोय, मोबाईलवर ऐकून ऐकून उचललेल्या. घरच्यासारखं लिहिलं तर तुम्ही मला संग्रहालयात ठेवाल.

दुपारी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. आता हा डॉक्टर म्हणजे माझ्यासारख्याला देणगी. उंच माणूस, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि बोलायच्या आधी तीन गोष्टी करायचा. चष्मा कपाळावर चढवायचा, जिभेनं 'च्च्' करायचा आणि मग नुसताच बघत राहायचा. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. मधून एक जाड लाल नळी खाली उतरलेली, दोन्ही बाजूंना काजूसारख्या दोन किडन्या. उजव्या किडनीला नळीतून एक फाटा गेला होता, सरळ, आईला शोभेल असा. डाव्या किडनीला मात्र दोन. एक जाड, मधोमध शिरणारा. दुसरा बारीक, खालून कुठूनतरी निघून किडनीच्या तळाशी घुसलेला, मागच्या दारानं घरात येणाऱ्या पाहुण्यासारखा.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. च्च्. बघत राहिले. मग म्हणाले, "इंटरेस्टिंग."

आईचं तोंड एवढंसं झालं. तिच्याबद्दल आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं.

मग डॉक्टर सावकाश समजावत गेले. पुष्कळ माणसांना असं असतं आणि मरेपर्यंत पत्ताही लागत नाही. हा आजार नाही, दोष नाही, जन्मतःच अशी घडण. सहसा आम्ही डावी किडनी काढतो, कारण तिच्यातून रक्त परत नेणारी शीर लांब असते, नव्या जागी जोडायला बरी पडते. तुमच्या उजवीची शीर जरा जास्तच आखूड आहे. म्हणजे एकीकडे एकच आर्टरी पण आखूड शीर, दुसरीकडे लांब शीर पण आर्टऱ्या दोन. कुठली घ्यायची ते शुक्रवारच्या मीटिंगमधे सगळे मिळून ठरवू. माझा कल डावीकडे आहे. काळजीचं कारण नाही. आणि एका कागदावर त्यांनी सगळं काढून दिलं.

'काळजीचं कारण नाही' हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं. ते लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

बसमधे आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. पापनाशम गेल्यावर मला म्हणाली, "दोन का झाल्या असतील रे?" मी म्हटलं, तुला सगळं हाताशी जास्तीचं लागतं, दोन कढया, दोन कुकर, तसंच. तिनं मला कोपर मारलं पण जरा सरळ बसली.

घरी अप्पा वेताच्या खुर्चीत वाटच बघत होते. हॉस्पिटलमधून आलं की डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगायचं, आणि नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं, ही आमच्या घरातली पद्धत पडून गेली होती. रिपोर्टपेक्षा त्यांना तेच आवडायचं. डायलिसिसच्या नर्सबाई, रक्त काढणारा, बिलाच्या खिडकीतला जांभया देणारा माणूस, सगळे आमच्या हॉलमधे येऊन गेले होते. अप्पा दमलेले असले तरी तेवढं हसायचे. त्यामुळे मीही जरा हात सैल सोडायचो.

तर मी उभा राहिलो. चष्मा नव्हता, आईचा घेतला, कपाळावर चढवला. च्च्. आणि बघत राहिलो. आई स्वयंपाकघराच्या दारातून हसली. ती हसली म्हटल्यावर मला चेव आला. मी परत च्च् केलं. आणि त्या पॉजला ताणलं, असं ताणलं की घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. मग विहिरीतला आवाज: "इंटरेस्टिंग. डावीला दोन आर्टऱ्या आहेत. सहसा एक असते. ह्यांना दोन." मान हलवली. परत च्च्. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी तिसऱ्यांदा सुरुवातीपासून करून दाखवलं, कारण पॉज आणखी चांगला जमेल असं मला वाटलं. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं, आई आत पळाली, मी तिच्या मागे फडकं घेऊन पळालो, आणि शेवटचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

अप्पा त्या दिवशी हसले नव्हते. हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा तेवढुसा घोट संपवून त्यांनी जाहीर केलं की त्यांना किडनी नको. डायलिसिस छान चाललंय, मशीनची सवय झालीय, तिथले लोक ओळखीचे झालेत, आता उगाच कापाकापी कशाला. जणू काय डायलिसिस म्हणजे पत्त्यांचा क्लब. आईनं विचारलं, कारण काय. ते म्हणाले, कारण काही नाही. आईनं परत विचारलं. ते पेपर वाचायला लागले, आणि पेपर कालचा होता.

मग आईचं डोकं फिरलं. तिला वाटलं, दोन तोंडांची किडनी ह्यांना चालत नाही. दिवसभर ती भांड्यांशी बोलत होती. लग्न झाल्यापासून माझ्या सांबारात आंबट जास्त, माझ्या पोळ्या जाड, आणि आता माझी किडनी वाकडी. दुकानातून आणलेली वस्तू आहे का, आवडली नाही म्हणून परत करायला. मी मधे पडायला गेलो तर मला म्हणाली, "उगा रहा." म्हणजे गप्प बस. आमच्याकडे हे दोन शब्द फार कामाला येतात.

त्याहून वाईट म्हणजे अप्पांनी आमच्या नकळत तिरुचीच्या हॉस्पिटलला फोन करून सांगून टाकलं, शुक्रवारच्या मीटिंगमधे आमची केस ठेवू नका.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी गच्चीवर होतो. आईनं वडाम, म्हणजे तांदळाचे पापड, वाळत घातले होते, ते सुपात भरून आणायला. खाली अप्पा त्यांच्या खुर्चीत, आई त्यांच्यासमोर जमिनीवर बसून कीरै, म्हणजे पालेभाजी, निवडत होती. बोलत नव्हती त्यांच्याशी, पण भाजी मात्र बरोब्बर त्यांच्यासमोरच बसून निवडायची. जिन्यात असताना मला फोन वाजलेला ऐकू आला. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पलीकडचं सगळं गल्लीलाही कळतं.

विहिरीतला आवाज आला. तमिळमधे, अगदी शांतपणे. "वणक्कम सार. तुम्ही नको म्हणून कळवलंत असं समजलं. मला जरा बोलायचं होतं." आणि मग थांबला. च्च्.

हे 'च्च्' झालं आणि अप्पांची खात्री पटली.

ते मराठीत सुरू झाले. घरच्या मराठीत, पोराला झापायच्या. "पुरे झालं तुझं नाटक. कोठें आहेस? गच्चीवरून बोलतोस का?" पलीकडे शांतता. डॉक्टर बिचारे गोंधळले असणार. पण माझे पॉज माहीत असलेल्या अप्पांना ती शांतता म्हणजे आणखी पुरावाच. "आवाज काढतोस ना त्याचा? काढ. मग त्याला जाऊन हेही सांग." आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तो मान हलवत होता तें मी पाहिलं तुझ्यात. तिच्या पोटात दोन ठिकाणीं कापायचं, दोन ठिकाणीं बांधायचं, कोठें चुकलं तर? मी मशीनला आठवड्याला दोनदा सुया टोचून घेतों, तें चालतं मला. ती घरीं वाट पाहते म्हणून चालतं. तीच नसली तर मी सुया कोणासाठीं टोचून घेऊं?"

मी वडामचं सूप हातात धरून दारात उभा होतो. आईच्या हातातली कीरैची जुडी तशीच राहिली होती.

अप्पांनी वर बघितलं. मी दिसलो. माझं तोंड बंद होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग फोनकडे, मग परत माझ्या तोंडाकडे. आणि त्याच क्षणाला फोनमधून आवाज आला, "सार? लाइनवर आहात ना? तुम्ही तेलुगू बोलताय का?"

अप्पांचा चेहरा कसा झाला ते मी आजपर्यंत करून दाखवलेलं नाही. येतं मला. पण नाही दाखवत.

शेवटी आईच बोलली, कीरैकडे बघत. "तुमचं सगळं गाव कावेरी आणि अरसलारच्या मधे बसलंय. पोरांना घोकून घेतलंत तें आयुष्यभर. गावाला दोन नद्या चालतात, आणि माझ्या एवढ्याशा किडनीला दोन चालत नाहीत?" मग एक काडी मोडून टाकली. "बोला आता त्यांच्याशी. तमिळमधे बोला. आणि मावडूचं विचारूं नका."

अप्पांनी घसा साफ केला आणि वर्गात शिरल्यासारखा आवाज लावला. सॉरी म्हणाले नाहीत, पण फार नम्रपणे विचारलं की ती दुसरी रक्तवाहिनी नेमकी कुठं जाते. मी सूप ठेवून डॉक्टरांचा कागद त्यांच्या मांडीवर आणून दिला. डॉक्टरांनी परत सगळं सांगितलं, आणि ह्यावेळी अप्पांनी स्वतः ऐकलं, शेवटच्या वाक्यासकट. दोन आर्टऱ्यांमुळे वाढतं ते काम बहुतेक सगळं किडनी बाहेर आल्यावरचं. किडनी बर्फात ठेवून ते आम्ही टेबलावर करतो, मग ती तुमच्यात जोडतो. किडनी देणाऱ्याच्या बाजूला तेवढ्यानं फारसा फरक पडत नाही. ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका असतोच, तो उजवी घेतली तरी असेल. अप्पांनी विचारलं, मग ती बारीक वाहिनी बांधून बंदच का करून टाकत नाही? डॉक्टर म्हणाले, तिच्यावर किडनीचा तळ जगतो, आणि लघवीच्या नळीचा वरचा भागही. ती बंद केली तर नळी सुकू शकते.

अप्पा एकदम पुढे सरकले. "म्हणजे कडैमडै."

कडैमडै म्हणजे कालव्याच्या अगदी टोकाचं शेत. आमच्याकडे वरच्यानं पाणी अडवलं की टोकाच्या शेताचं काय होतं, हे शेती नसलेल्यालाही माहीत असतं. इन्नंबूरकडे जाताना रस्त्यानं अशी शेतं अप्पांनी मला लहानपणी इतकी दाखवलीत की मी डोळे मिटून सांगेन. डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. खरा पॉज माझ्यापेक्षा कितीतरी लहान होता. मग म्हणाले, बरोबर, कडैमडैच. शुक्रवारी मीटिंगमधे हाच शब्द वापरतो. अप्पांनी पेन काढलं आणि डॉक्टरांच्या चित्रात त्या बारीक रेघेला बाण काढून तसं लिहून टाकलं. शिवाय उत्तर दिशा दाखवायची राहिली होती, तीही दाखवली.

केस मीटिंगमधे परत गेली. डावी ठरली. ऑपरेशनच्या आधी एका खोलीत चार माणसांनी आईला विचारलं, तुम्ही आपखुशीनं देताय ना, कुणी जबरदस्ती केली नाही ना? आई म्हणाली, "जबरदस्ती मी केलीय." त्यांनी ते कसं लिहून घेतलं कोण जाणे.

ऑपरेशनच्या दिवशी आधी आईला नेलं, मग अप्पांना. माझ्याकडे आईच्या बांगड्या रुमालात बांधलेल्या आणि अप्पांचा चष्मा. बाहेरच्या बाकावर मी एकटाच. नक्कल करण्यासारखे कितीतरी लोक समोरून गेले. पाय ओढत जाणारा वॉर्डबॉय, फोनवर रडत-हसत बोलणारी एक बाई. मला एकाचाही आवाज काढावासा वाटला नाही.

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले. डोक्याला टोपी, गळ्यात मास्क लोंबलेला. माझ्यासमोर उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवला. च्च्. आणि बघत राहिले.

दोन सेकंदं असतील. फार तर तीन. पण मी तेवढ्यात जे काय बघायचं ते सगळं बघून आलो, आणि त्या दिवशी वेताच्या खुर्चीत बसून अप्पांनी काय बघितलं असेल, तेही.

मग ते म्हणाले, "दोन्ही छान वाहतायत. टेबलावरच लघवी सुरू झाली. तुमची आई शुद्धीवर येतेय, विचारतेय, ह्यांना कॉफी कधी देऊ."

ह्याला आता पाच महिने झाले. आई परत कोलम काढते. वाकता येत नव्हतं तेव्हा मी काढायचो, आणि ती आतून सांगायची की तिसऱ्या रांगेतला ठिपका दारू प्यायलाय. तिची उजवी किडनी एकटीनं सगळं बघते. अप्पांना नाचियार्कोविलच्या बसमधे कुणी तब्येतीचं विचारलं तर ते खिशातून डॉक्टरांचा तो कागद काढतात आणि शेजारच्याला सगळा नकाशा समजावून देतात, उत्तरेपासून. लोक स्टॉप येईपर्यंत ऐकतात. दुसरं काय करणार.

मावडू अजून बंद आहे. पण पाणी सुटलं. आता उलट जास्त प्यायचं म्हणून सांगितलंय, आणि आईनं खुणांचा तो टंबलर फेकला नाही, त्या खुणा आता 'एवढं तरी' अशा झाल्यात.

महिन्यातून एकदा डॉक्टर स्वतः फोन करतात. त्याचा आमच्याकडे एक नियम ठरून गेलाय. फोन वाजला आणि विहिरीतला आवाज आला, की अप्पा आधी "एक मिनिट, सार" म्हणतात आणि मला हाक मारतात. मी जिथं असेन तिथून येऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. आई तोच टंबलर भरून माझ्या हातात देते. मी एक मोठा घोट तोंडात धरायचा, गिळायचा नाही. माझे फुगलेले गाल नीट बघून झाले की मगच अप्पा फोनकडे वळतात.

"हं, आता बोला, सार."